मंत्र्यांचा कर, रयतेची तिजोरी

दर जुलैत मी मामांचं रिटर्न भरायला साताऱ्याला जाते. मामा कोषागारात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन आणि पोस्टातल्या ठेवींचं व्याज, एवढंच त्यांचं उत्पन्न. काम दहा मिनिटांचं, पण मामा आदल्या रात्रीच फॉर्म १६, पासबुकं आणि व्याजाचे दाखले क्रमानं टाचून ठेवतात. मी पुण्यात एका कारखान्याच्या पगार विभागात आहे. ३०० माणसांचा पीएफ, व्यवसाय कर, टीडीएस माझ्या हातून जातो. मामांनी जन्मभर सरकारी तिजोरीतून बाहेर जाणारे पैसे तपासले; मी दर महिन्याला लोकांच्या पगारातून कापून त्याच तिजोरीत पैसे पाठवते. कराच्या गोष्टीवर आमचं एकमत फार क्वचित होतं, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

यंदा विषय निघाला तो उत्तर प्रदेशातल्या एका कायद्याचा. १९८१ साली, विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना, तिथल्या विधिमंडळानं मंत्र्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा केला. मंत्र्यांच्या पगारावर जो प्राप्तिकर लागेल तो राज्य सरकार भरेल, अशी त्यात तरतूद होती. मंत्री गरीब घरांतून येतात, त्यांचं उत्पन्न तुटपुंजं असतं, असं कारण तेव्हा दिलं गेलं. पुढे काँग्रेस गेली, जनता दल आला, भाजप, समाजवादी पक्ष, बसप, सगळे आळीपाळीनं सत्तेवर आले. एकमेकांचे कितीतरी निर्णय त्यांनी फिरवले, हे कलम कोणी हलवलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली, एका वर्षाचा आकडा ८६ लाख रुपये असल्याचं समोर आलं आणि काही तासांतच सरकारनं जाहीर केलं की यापुढे मंत्री आपला कर आपण भरतील. ३८ वर्षं चाललेली गोष्ट एका दिवसात थांबली.

"थांबली ना? मग आता त्यावर एवढं काय बोलायचं?" मामा म्हणाले.

"कारण ती एकट्या उत्तर प्रदेशात नव्हती. पंजाबात २०१८ ला थांबली, हिमाचलात २०२२ ला. मध्य प्रदेशात १९७२ पासून चालू होती, ती जून २०२४ मध्ये थांबवायचं ठरलं. चार वेगळी राज्यं, चार वेगळे कायदे. तरी प्रत्येकाला हे सुचलं कसं, हे मला कळून घ्यायचंय."

"सुचलं, कारण त्यामागे एक चांगला विचार होता," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणजे आता ते नीट बोलणार. "अगं, राजकारण फक्त श्रीमंतांनी करावं का? आपल्याकडे सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, एस.टी.नं फिरायचे. अशी माणसं सभागृहात यायला हवी असतील तर त्यांच्या पोटापाण्याचं बघावं लागेल. दारात रोज माणसं. कोणाला दवाखान्याला पैसे हवेत, कोणाच्या मुलीचं लग्न. त्या पगारातून आणखी कर कापला, तर प्रामाणिक माणसानं जगायचं कसं? ज्याची पेढी आहे, कारखाना आहे, त्याला काही फरक पडत नाही. मार खातो तो गरीब माणूस."

हा मुद्दा मी हलका मानत नाही. पैसेवाल्यांशिवाय कोणाला निवडणूक लढवता येऊ नये, यासारखं वाईट दुसरं काही नाही. पण रोज पगारपत्रकं करणाऱ्या माणसाला त्यातली चूक लगेच दिसते. मी मामांच्याच फाइलमधला एक कोरा कागद ओढला.

"आकडे आजचे घेऊ. समजा दोन मंत्री आहेत. दोघांचाही करपात्र पगार वर्षाला १० लाख. पहिला तुमच्या मनातला, गरीब घरातला. त्याला दुसरं उत्पन्नच नाही. आजच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे सरकारनं त्याच्या वतीनं किती भरायचे?"

"काहीच नाही."

"दुसऱ्याचं बाहेरचं उत्पन्न २ कोटींच्या वर आहे. त्याचे १० लाख सगळ्यात वरच्या टप्प्यात जातात. ३० टक्क्यांनी ३ लाख. त्यावर २५ टक्के अधिभार, ७५ हजार. वर ४ टक्के उपकर, १५ हजार. झाले ३ लाख ९० हजार. सरकार भरतंय म्हटल्यावर ते कोणाच्या खिशात राहिले?"

मामांनी कागद घेतला आणि बेरीज स्वतः पुन्हा केली. त्यांची ती सवयच आहे. माझ्यावरच काय, ते संगणकावरही विश्वास ठेवत नाहीत.

"टप्पे बदलले, दर बदलले, तरी गणित तेच राहणार," मी म्हणाले. "१९८१ लाही मर्यादेखालच्या माणसाला करच नव्हता. जेवढी श्रीमंती जास्त तेवढी ही सूट मोठी. गरिबाचं नाव पुढे करून केलेला कायदा गरिबाला एक पैसा देत नाही. मायावतींनी २०१२ ला राज्यसभेसाठी प्रतिज्ञापत्र भरलं, त्यात मालमत्ता १११ कोटींची होती. त्या ज्या मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीवर होत्या, तिचा कर तिजोरी भरत होती. हे मी एकट्या त्यांच्याबद्दल म्हणत नाही. कायदाच तसा होता. त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला तो सारखाच लागू होता, आणि कोणीही नको म्हटलं नाही."

मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी दुसरी वाट धरली.

"बरं, गरिबीचं कारण चुकीचं ठरलं. पण तत्त्व म्हणून त्यात वाईट काय? परदेशी तंत्रज्ञ बोलावताना कंपन्या करार करतात की पगार हातात इतका मिळेल, कर आम्ही भरू. तुमच्या कारखान्यात झालं नाही का असं?"

"झालंय. मालकानं त्याच्या पैशातून ठरवलं. शिवाय कंपनीनं भरलेला कर हाही त्या माणसाचा पगारच समजून मला त्यावर पुन्हा कर काढावा लागला. आणि त्या तंत्रज्ञानं स्वतःच्या कराराला स्वतःच मंजुरी दिली नव्हती. मंत्र्यांचं वेतन राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे विधिमंडळ ठरवतं, खासदारांचं कलम १०६ प्रमाणे संसद. घेणारे तेच, देणारे तेच. म्हणूनच तिथे जास्त संकोच हवा."

"संकोच होता म्हणूनच तर हे झालं," मामा पटकन म्हणाले. मला हे अनपेक्षित होतं. "तुला कराचीचा ठराव माहीत आहे? १९३१ चा. काँग्रेसनं ठरवलं होतं की स्वराज्यात सरकारी नोकराचा पगार साधारणपणे महिना ५०० रुपयांच्या वर जाऊ नये. त्या विचाराचा धाक फार वर्षं टिकला. मंत्र्यांचा पगार वाढवला की लोक चिडायचे, पेपरात मथळे यायचे. म्हणून पगार कागदावर लहान ठेवायचा आणि बाकीचं दुसऱ्या वाटेनं द्यायचं. घर, गाडी, फोन, वीज, कर. लोकांना साधेपणा पाहायचा होता. त्यांना तो दाखवला."

माझ्या मते त्या दुपारी बोलला गेलेला सगळ्यात खरा मुद्दा हाच होता, आणि तो मामांच्या बाजूनं आला. करमाफीचं मूळ लोभात शोधायची आपल्याला सवय आहे. इथे ते उघडपणे मागण्याच्या भीतीत होतं. पण भीतीतून निघालेली वाट लोकांच्या नजरेआडच जाते. पगार ५० हजारांनी वाढला तर सभागृहात विधेयक येतं, कोणीतरी विरोधात बोलतं, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा होते. कर भरून दिला तर ती रक्कम अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कुठल्यातरी लेखाशीर्षाखाली जाऊन बसते. दरवर्षी कर वाढला की न विचारता आपोआप वाढते.

"तुमच्याकडे असं देयक आलं असतं तर?" मी विचारलं.

"पास केलं असतं."

"लगेच?"

"तीन गोष्टी पाहिल्या असत्या. लेखाशीर्ष बरोबर आहे का. अनुदान शिल्लक आहे का. मंजुरीचा आदेश आणि डीडीओची, म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, सही आहे का. तिन्ही ठीक असतील तर देयक अडवायचा अधिकार मला नाही. नंतर महालेखापालांची माणसं येतात, तीही हेच पाहतात: खर्च नियमानं झाला का." मामांचा आवाज जरा खाली आला. "एकदा एका शाळेच्या शिपायाचं वैद्यकीय देयक मी परत पाठवलं होतं. मूळ पावती नव्हती, झेरॉक्स होती. नियमानं बरोबरच होतं. तो तीन वेळा आला. तिसऱ्यांदा पावती घेऊन आला, तेव्हा पास केलं. त्याचे १,४०० रुपये होते."

मी काही बोलले नाही.

"न्याय-अन्याय कोषागारात ठरत नाही गं. तो ठरतो कायदा करताना. आमच्यापर्यंत येतो तो कागद. म्हणून तर सांगतो, कायदा करणाऱ्यानं शंभरदा विचार करावा. खाली त्याला अडवणारं कोणी नसतं."

एवढ्यात मामी चहा घेऊन आली. ती इतका वेळ आतून ऐकत होती. तिनं विचारलं, "पण हे पैसे सरकारचेच ना? सरकारनं सरकारला दिले. या खिशातून त्या खिशात. मग गेले कुठे?"

मामांनी मान डोलावली. हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. प्राप्तिकर केंद्राचा. मंत्र्यांचा कर भरला तो राज्याच्या तिजोरीनं. म्हणजे लखनौचे पैसे दिल्लीला गेले. केंद्र आपल्या करांच्या विभाज्य निधीतला ४१ टक्के वाटा राज्यांना देतं हे खरं, पण तो सगळ्या राज्यांत मिळून वाटला जातो. त्यातून उत्तर प्रदेशाला परत आले ते ८६ लाखांतले थोडेच.

"आणि लखनौच्या तिजोरीत ते येतात कुठून, मामी? तुझ्या घरी धुणंभांडी करायला येतात त्या मावशी प्राप्तिकर भरत नाहीत, बरोबर? पण त्यांनी १९९ रुपयांचं रिचार्ज मारलं की त्यात १८ टक्क्यांनी सुमारे ३० रुपये जीएसटी असतो. निम्मा राज्याचा. उत्तर प्रदेशातल्या अशाच बायकांचे १५-१५ रुपये धरले, तर मंत्र्यांच्या एका वर्षाच्या करासाठी साडेपाच लाखांहून जास्त रिचार्ज लागतील."

मामीनं पदरानं कप पुसला आणि म्हणाली, "तिला रिचार्ज महाग झालं म्हणून परवा मीच पन्नास रुपये दिले." एवढं बोलून ती आत गेली.

मामांनी मग खासदारांचा विषय काढला. त्यांचं म्हणणं असं, की पगारावरचा कर आणि भत्त्यावरचा कर यांत फरक करायला हवा. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासदाराला महिना १ लाख २४ हजार वेतन आहे, त्यावर तो कर भरतो. मतदारसंघ भत्ता ८७ हजार, तो मात्र १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १०(१७) खाली करमुक्त धरला गेला. "तो काही त्याचा पगार नाही. मतदारसंघात फिरायला, माणसांना भेटायला दिलेला खर्च आहे. खर्चावर कर कसला लावतेस? आणि नवी करपद्धत निवडली तर ती सूट सोडावीच लागते, हेही सांग."

दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. कामासाठी दिलेल्या पैशावर कर लागू नये. आमच्या कारखान्यातही लागत नाही. पण दर जानेवारीत माझ्या टेबलापुढे रांग लागते. जुन्या पद्धतीत राहिलेल्यांना घरभाड्याच्या पावत्या द्याव्या लागतात. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन. पावतीवर तारीख नसेल तर मी परत पाठवते, जशी मामांनी त्या शिपायाची पाठवली. भत्त्यांवरची सूट जेवढा खर्च खरोखर झाला तेवढीच, ही अट पगारदारांच्या बहुतेक कामाच्या भत्त्यांना आहे. खासदाराच्या मतदारसंघ भत्त्याला पावती लागत नाही. खर्च झाला असं कायदा धरूनच चालतो.

"लोकप्रतिनिधीवर एवढा अविश्वास?" मामांनी विचारलं.

"वेल्डरवर दाखवतो तेवढाच, मामा. जास्त नको."

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर पाऊस लागला होता. अजिंक्यतारा किल्ला ढगात गेला होता. मग ते एकदम आपल्या आजोबांबद्दल बोलू लागले. आजोबा कूळ होते. जमीन ज्यांची ते इनामदार सरकारला सारा देत नसत किंवा नाममात्र देत. शेजारचा साधा शेतकरी मात्र दुष्काळातही पूर्ण सारा भरायचा. "इनाम आधी सेवेसाठी मिळालं होतं," मामा म्हणाले. "कोणी लढाईत पडलं, कोणी देवस्थान सांभाळलं. पुढे सेवा संपली, माफी तशीच राहिली. नातवाला विचारलं तर त्याला ते इनाम कशाबद्दल आहे हेही ठाऊक नसायचं. मुंबई राज्यानं व्यक्तिगत इनामं रद्द करणारा १९५२ चा कायदा आणला, तेव्हा आजोबांनी गावात साखर वाटली होती असं आई सांगायची. जमीन लगेच नावावर झाली नव्हती. पण आता इनामदारालाही सारा भरावा लागणार, याचाच आनंद त्यांना जास्त झाला होता."

मला जे दुपारभर म्हणायचं होतं, ते मामांनी स्वतःच्या घरातून काढून समोर ठेवलं. त्यांनाही ते जाणवलं असावं. "तू याला इनाम म्हणशील," ते म्हणाले.

"म्हणेन. जे कारण होतं ते संपलं, तरी माफी चालू राहिली."

कामगार कर द्यायला कुरकुर करतात, असं वरचे लोक समजतात. माझा अनुभव तसा नाही. गेल्या फेब्रुवारीत एक तरुण मुलगा पगारपत्रक घेऊन आला. दर महिन्याला व्यवसाय कर २०० कापता, या महिन्यात ३०० का? मी त्याला सांगितलं, वर्षाचे अडीच हजार पुरे करायला फेब्रुवारीत शंभर जास्त कापतात. आणि हा कर १९७५ साली का आला तेही सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांना कामाची हमी मिळावी म्हणून रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांवर तो लावला गेला. तो मुलगा बीड जिल्ह्यातला. म्हणाला, "माझी आजी होती त्या खडीवर." मग काही न विचारता गेला. माणसाला कर कळला आणि तो सगळ्यांना सारखा आहे असं दिसलं, तर तो देतो. ज्यांनी कर लावला त्यांनीच तो चुकवला असं दिसलं की ही तयारी संपते. ती ८६ लाखांत मोजता येत नाही. म्हणून रक्कम लहान होती हा युक्तिवाद मला पटत नाही.

"मग उपाय?" मामा म्हणाले. "प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आज काढलं, उद्या दुसऱ्या नावानं आणतील."

"केनियानं काढलाय उपाय. तिथल्या खासदारांच्या मिळकतीचा मोठा भाग भत्त्यांच्या नावाखाली करमुक्त असायचा. २०१० च्या नव्या राज्यघटनेत त्यांनी कलम २१० मध्ये लिहून टाकलं की कोणत्याही कायद्यानं कोणत्याही राज्य पदाधिकाऱ्याला त्याच्या पदामुळे किंवा त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे करातून वगळता येणार नाही. खासदारांनी आरडाओरडा केला. पण ओळ घटनेत होती."

मामांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि माझ्या गणिताच्या कागदाखाली आपल्या वळणदार अक्षरात उतरवलं. मग बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

"गरीब माणूस राजकारणात टिकावा, हे माझं म्हणणं मी सोडत नाही," ते म्हणाले. "त्यासाठी पगार वाढवावा लागला तर वाढवा. उघड वाढवा, सभागृहात मतदान घेऊन. पण कर त्यानं भरावा. ही ओळ आपल्या कायद्यात असती, तर असं देयक माझ्या टेबलावर आलंच नसतं. आलं असतं तरी मला परत पाठवता आलं असतं."

आम्ही रिटर्न भरलं. ओटीपी मामांच्या फोनवर आला. त्यांनी तो एकेक आकडा वाचून दाखवला आणि पोचपावती छापून फाइलला लावायला सांगितली. तो गणिताचा कागदही त्यांनी त्याच फाइलला टाचला.

वाचकांना माझी एक विनंती आहे. विधिमंडळात सदस्यांना अशासकीय विधेयक मांडता येतं. तुमचे आमदार गावात येतील, तेव्हा रस्ता आणि पाणी मागाल तसं हेही मागा: पदामुळे कोणालाही करातून सूट मिळणार नाही, एवढ्या एका ओळीचं विधेयक. त्यांनी ते मांडलं की नाही, हे पुढच्या अधिवेशनानंतर त्यांना विचारायला विसरू नका.